बारावीचं अर्थशास्त्र: पाठ होतं, पण कळत नाही

पोळपाट

नमस्कार. मी कराडला असते, घरगुती डबे करते. मुलगी बारावी कॉमर्सला आहे, मराठी माध्यम. पहिल्या चाचणीत तिला पुस्तपालनात २५ पैकी २२ मिळाले आणि अर्थशास्त्रात ११. मार्कांपेक्षा मला उत्तरपत्रिका बघून जास्त वाईट वाटलं. "मागणीतील संकोच आणि मागणीतील ऱ्हास, फरक स्पष्ट करा" असा प्रश्न होता. तिनं दोन्हीकडे "मागणी कमी होणे" असं लिहिलं आणि शून्य मिळालं. मी पुस्तक उघडून वाचलं तर मलाही दोन्ही एकच वाटलं.

पोर अभ्यास करत नाही असं नाही. रात्री अकरापर्यंत व्याख्या घोकते, सकाळी अर्ध्या विसरलेल्या असतात. विचारलं तर म्हणते, "आई, हा विषय पाठच करायचा असतो, सगळे तसंच करतात."

मला खटकतं ते असं की हीच पोर अकरावीत 'महाराष्ट्राची अर्थव्यवस्था' हे प्रकरण आवडीनं वाचत होती, पुढं अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करायचं म्हणत होती. आता ते नावही काढत नाही. शिवाय अकरावीला तिनं गणित न घेता चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय घेतला. त्यामुळे पुढची वाट बंद झाली का, हेही कळत नाही. मी स्वतः दहावीपर्यंत शिकले आहे. घरून तिला काय मदत करता येईल, ते कृपया सांगा.

पहिला_बाक

काकू, मी मागच्या वर्षी बारावी झालो, लेखीत ८० पैकी ७१ होते. तुमची मुलगी अगदीच चुकीचं म्हणत नाही. व्याख्या शब्दशः लिहिली की तपासणाऱ्याला मार्क द्यावेच लागतात. मार्शल, रॉबिन्स या अर्थशास्त्रज्ञांच्या व्याख्या पाठच पाहिजेत.

पण पेपर कसा असतो ते एकदा तिच्याबरोबर बसून बघा. वस्तुनिष्ठ २० मार्क. संकल्पना ओळखा आणि फरक स्पष्ट करा मिळून १२. थोडक्यात उत्तरं १२. मग सहमत आहात की नाही ते सकारण लिहा, १२. तक्ता, आकृती किंवा उतारा यावर ८. शेवटी सविस्तर उत्तरं १६. आता 'संकल्पना ओळखा' मध्ये एक प्रसंग देतात. अमक्यानं दोन चपात्या खाल्ल्यावर तिसरी नको म्हटली, तर संकल्पना कोणती? घोकलेल्या मुलाला व्याख्या येते, पण प्रसंगातून ती ओळखता येत नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे मार्क तिथंच गेले.

खडूफळा

पोळपाटताई, मी ३१ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय शिकवला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण संकोच आणि ऱ्हास हे दोन शब्द अजून पाठ सोडत नाहीत. दर वर्षी निम्मा वर्ग इथंच अडखळायचा. आधी तोच प्रश्न सोडवते, कारण तो एकदा सुटला की पुढची दोन प्रकरणं सोपी जातात.

तुमचा डबाच घ्या. महिन्याचा दर तुम्ही वाढवलात आणि काही गिऱ्हाइकं कमी झाली. बाकी काही बदललेलं नाही, बदलली ती फक्त किंमत. हा संकोच. आकृतीत मागणीचा वक्र जागच्या जागी राहतो, आपण त्याच वक्रावर खालच्या बिंदूवरून वरच्या बिंदूवर जातो.

आता दर तोच आहे, पण दिवाळीच्या सुट्टीत मुलं गावी गेली, किंवा शेजारी दुसऱ्या बाईंनी स्वस्त डबा सुरू केला, किंवा एखाद्याची नोकरी गेली. किंमत न बदलता मागणी कमी झाली. हा ऱ्हास. इथं बिंदू सरकत नाही, अख्खा वक्रच डावीकडे सरकतो.

मुलीला एकच प्रश्न विचारायला शिकवा: बदललं काय, किंमत की दुसरं काही? किंमत असेल तर विस्तार किंवा संकोच. दुसरं काही असेल तर वृद्धी किंवा ऱ्हास. पुस्तकात प्रत्येक सिद्धांतात "इतर परिस्थिती स्थिर असताना" असं वाक्य येतं आणि मुलं ते मंगलाष्टकासारखं म्हणून टाकतात. सगळी किल्ली त्या चार शब्दांत आहे.

अभ्यासाच्या क्रमाबद्दलही सांगते. क्लासच्या नोट्समध्ये आधी व्याख्या, मग गृहीतके, मग अपवाद असं असतं. मी उलटं शिकवायचे. आधी तक्ता स्वतःच्या आकड्यांनी भरायचा, त्यावरून आकृती काढायची, आकृती बघून नियम स्वतःच्या शब्दांत सांगायचा आणि मग पुस्तकातली व्याख्या वाचायची. अशा वेळी व्याख्या दोनदा वाचली तरी बसते. उपयोगितेच्या, म्हणजे वस्तूतून मिळणाऱ्या समाधानाच्या, प्रकरणात तर फार मजा येते. सीमान्त उपयोगिता, म्हणजे आणखी एका पोळीनं वाढणारं समाधान, शून्य होते तिथंच एकूण उपयोगिता सर्वांत जास्त असते, हे मुलानं स्वतः सहा पोळ्यांचे आकडे मांडून पाहिलं की जन्मभर विसरत नाही.

आकृतीबद्दल एक. गणितात हुशार असलेली मुलं मला विचारायची, "मॅडम, मागणी किंमतीवर अवलंबून आहे ना, मग किंमत उभ्या अक्षावर का?" प्रश्न अगदी बरोबर आहे. गणितात ज्यावर अवलंबून ते आडव्या अक्षावर घेतात. मार्शलनं १८९० च्या आपल्या ग्रंथात किंमत उभ्या अक्षावर ठेवली, कारण अमुक इतक्या नगांसाठी गिऱ्हाईक किती किंमत मोजेल अशा दिशेनं तो विचार करत होता. तो प्रघात जगभर पडला. मुलांना हे सांगितलं की आकृतीची भीती कमी होते. आपण चुकत नव्हतो, एवढं कळलं तरी पुरतं.

कांदाचाळ

मॅडम, तुमच्यासारखं कोणी मला बारावीला असतं तर बरं झालं असतं. मी निफाड तालुक्यातला, घरी चार एकर, लासलगावला माल जातो. बारावी आर्ट्सला होतो त्या वर्षी, म्हणजे २०२३ ला, ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. डिसेंबरात तर निर्यातबंदीच आली. त्याच दिवसांत वर्गात पुरवठ्याचं प्रकरण चालू होतं.

पुस्तकात "साठा आणि पुरवठा यांतील फरक" होता. सर म्हणाले, पाठ करा, दोन मार्कांना येतो. मी घरी आलो आणि कांदा साठवायच्या चाळीकडे बघत उभा राहिलो. चाळीत आहे तो साठा. त्यातला जेवढा आजच्या भावाला ट्रॅक्टरमध्ये भरून मार्केटला नेणार तो पुरवठा. भाव पडले की वडील म्हणायचे, "राहू दे अजून पंधरा दिवस." साठा तेवढाच राहिला, पुरवठा कमी झाला. हे माझ्या घरात मी लहानपणापासून बघत होतो आणि त्याला नाव आहे हे मला माहीतच नव्हतं.

पण पुस्तकाचा नियम कुठं अडतो तेही तिथंच कळलं. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, म्हणून शेतकरी थांबू शकतो. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. काढला की विकावाच लागतो, भाव क्विंटलला दोनशे असो की दोन हजार. तिथं किंमत कमी झाली म्हणून पुरवठ्याचा संकोच होत नाही, कारण थांबायची सोयच नसते. बंदी डिसेंबरात आली तेव्हा बाजारात लालच कांदा होता. ज्याच्याकडे थांबायची ताकद नव्हती त्याच्यावरच ती पडली. ते वर्ष आमच्या घरात कसं गेलं ते इथं लिहीत नाही.

"किंमत वाढली की पुरवठा वाढतो, सहमत आहात का" या प्रश्नाला मी हेच लिहिलं होतं. चारपैकी चार मिळाले.

दुरेघी_वही

मूळ धाग्यातला पुढच्या वाटेचा प्रश्न मागे पडू नये म्हणून लिहिते. मी लातूर जिल्ह्यातून मराठी माध्यमात आर्ट्स केलं, दहावीनंतर गणित नाही. पुढे बी.ए. आणि एम.ए. दोन्ही अर्थशास्त्रात, सध्या एका संशोधन प्रकल्पावर आहे.

आपल्या राज्यातल्या बहुतेक महाविद्यालयांत बी.ए. अर्थशास्त्राला बारावीत गणित असण्याची अट नसते. तेव्हा वाट बंद झालेली नाही. काही दारं मात्र खरंच बंद होतात. दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला बारावीचं गणित लागतं. बी.एस्सी. अर्थशास्त्राचे अभ्यासक्रमही गणितावर उभे असतात. हे अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही याचा मला फार राग आहे. "अर्थशास्त्र म्हणजे थिअरी, गणित नको असेल तर घे," असं सांगून मुलांना पाठवलं जातं. ज्यांची भावंडं आता दहावीत आहेत आणि ज्यांना हा विषय पुढे न्यायचा आहे त्यांनी शक्य असेल तर गणित सोडू नये, असं मी स्पष्ट सांगेन.

ज्यांनी सोडलं त्यांच्यासाठी: मी दुसऱ्या वर्षाला असताना बारावी वाणिज्य शाखेचं गणिताचं पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेतलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सोडवलं. त्यात डेरिव्हेटिव्हच्या (बदलाच्या दराच्या) उपयोगांमध्ये मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते ते, आणि सीमान्त प्राप्ती, म्हणजे आणखी एक नग विकून वाढणारी जमा, यांची गणितं आहेत. म्हणजे अर्थशास्त्राच्या पुस्तकात जे शब्दांत शिकलो तेच. एक नग वाढवला तर एकूणात किती फरक पडला, हे 'सीमान्त'. आणि तो नग अगदी लहान केला की तेच डेरिव्हेटिव्ह. त्या दिवशी मी आनंदानं रडले होते, खोटं सांगत नाही.

भाषेचंही सांगते. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला सर इंग्रजीत 'मार्जिनल' म्हणत होते आणि मला वाटत होतं की हे काहीतरी नवीन आहे. 'सीमान्त'च ते, हे कळायला मला पहिलं सत्र लागलं. मग मी दुरेघी वही घेतली, डाव्या पानावर मराठी शब्द आणि उजव्या पानावर इंग्रजी. सीमान्त, मार्जिनल. लवचिकता, इलॅस्टिसिटी. तुटीचा अर्थभरणा, डेफिसिट फायनान्सिंग. पोळपाटताई, मुलीला ही वही आजपासून सुरू करायला सांगा, रोज पाच शब्द पुरे. आणि मराठीतून शिकते म्हणून मागे राहील असं तिला वाटू देऊ नका. 'व्यवहारतोल', म्हणजे देशाच्या परदेशांशी होणाऱ्या देण्याघेण्याचा हिशेब, या शब्दातच त्याचा अर्थ आहे. इंग्रजी माध्यमाच्या माझ्या मैत्रिणींना बॅलन्स ऑफ पेमेंट्स पुस्तकातून पाठ करावं लागलं होतं.

माणदेशी

थोडं अवांतर, पण विषयाला धरून आहे. माझा भाऊ अकरावीला आहे. दारिद्र्य आणि ग्रामीण विकासाची प्रकरणं तो मोठ्यानं वाचत होता, आजी शेजारी बसलेली. रोजगार हमी योजनेचं नाव आलं आणि आजी म्हणाली, "त्यावर मी गेले होते." ७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची ते सांगितलं, लाल मिलोच्या (परदेशी ज्वारीच्या) भाकरीबद्दल सांगितलं. भाऊ वही घेऊन लिहीत बसला.

मग मी त्याला पुढचा धागा जोडून दिला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली ही कल्पना, महाराष्ट्रानं १९७७ मध्ये त्याचा कायदा केला आणि २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा आला. पैसा कुठून आला? शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. मी पगाराची स्लिप काढून दाखवली: दर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. गावातल्या बाईच्या हाताला काम मिळावं म्हणून शहरातल्या पगारातून सुरू झालेली ही कपात अजून माझ्या स्लिपवर आहे. बारावीला सार्वजनिक वित्तव्यवहार (सरकारचा जमाखर्च) येईल तेव्हा 'कर' ही व्याख्या तो वेगळी वाचेल.

याच काळात पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ हे अर्थतज्ज्ञ देशातली गरिबी मोजत होते. रोज २,२५० उष्मांक मिळायला माणसाला किती खर्च येतो यावरून त्यांनी दारिद्र्यरेषा काढली आणि १९७१ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. आजी खडी फोडत होती त्याच्या एकच वर्ष आधी. माझ्या भावाला ही दोन सालं जवळजवळ ठेवल्यावर गप्प व्हायला झालं.

पहिला_बाक

माणदेशी ताई, अंतर्गत मूल्यमापनाच्या २० मार्कांसाठी भावाला हाच प्रकल्प करायला सांगा. आमच्या वर्गात सगळ्यांनी एकमेकांचा उतरवला होता. मीही तेच केलं, त्याची आता खंत वाटते.

पोळपाट

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा वर काढते, कारण दोन महिन्यांत बरंच घडलं.

खडूफळा मॅडमचा प्रतिसाद मी मुलीला मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग आपण खरंच मोजू या." तेलाचे आणि डाळीचे भाव वाढल्यामुळे मला दर वाढवायचाच होता, भीतीनं पुढे ढकलत होते. महिन्याचा डबा २,४०० रुपये होता, तो २,७०० केला. ४२ डबे होते, महिन्याअखेर ३९ राहिले.

तिनं वहीत मांडलं. किंमत १२.५ टक्के वाढली, मागणी साधारण ७.१ टक्के घटली. भागाकार ०.५७. एकापेक्षा कमी, म्हणजे कमी लवचिक मागणी. मग एकूण खर्च पद्धतीनं ताळा केला. आधी १,००,८०० जमा व्हायचे, आता १,०५,३००. किंमत वाढली आणि गिऱ्हाइकांचा एकूण खर्चही वाढला, म्हणजे लवचिकता एकापेक्षा कमीच. दोन्ही पद्धतींचं उत्तर जुळल्यावर ती खुर्चीतून उठलीच.

आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना दारातून परत आली. म्हणाली, "आई, चुकलं. त्या तिघांतला एक बँकेतला काका होता, त्यांची बदली झाली. ते किंमतीमुळे गेले नाहीत. तो ऱ्हास आहे, संकोच दोघांचाच." तिनं ४१ वरून ३९ धरून पुन्हा काढलं, ०.३९ आलं.

मी तिथंच ओट्याला टेकून उभी राहिले. ज्या प्रश्नाला शून्य मिळालं होतं तोच हा प्रश्न.

खडूफळा

ताई, मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. बदली झालेला माणूस वेगळा काढणं हे तिला कोणी सांगितलेलं नाही, ते तिचं स्वतःचं आहे. मी ३१ वर्षांत हे करणारी फार थोडी मुलं पाहिली. एवढंच सांगा की महाविद्यालयाचं वर्ष सुरू होताना नवीन मुलं डबा लावतात, तेव्हा तो महिना मोजायला घेऊ नये; वृद्धी आणि संकोच एकमेकांत मिसळतात.

राष्ट्रीय उत्पन्नाचं प्रकरण येईल तेव्हा तुमच्याच स्वयंपाकघरात आणखी एक धडा आहे. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ साठी देशाचं दरडोई उत्पन्न काढलं ते वर्षाला २० रुपये. तेव्हापासून आजपर्यंत मोजण्याच्या पद्धती पुष्कळ सुधारल्या. पण तुम्ही ३९ डबे करता ती सेवा राष्ट्रीय उत्पन्नात धरायची असते, आणि त्याच चुलीवर, त्याच कणकेची, घरच्या चौघांसाठी करता ती पोळी धरली जात नाही. गृहिणीचं बिनपगारी काम मोजणीबाहेर राहतं, ही अडचण पुस्तकात एका ओळीत आहे. मी ती ओळ वर्गात कधी एका तासात संपवली नाही. मुली त्या तासाला फार बोलायच्या. घरी जाऊन आईशी बोला, असं मी सांगायचे.

पोळपाट

मॅडम, ती ओळ आम्ही काल वाचली. त्यावर आमच्या घरात जे बोलणं झालं ते आमच्यातच राहू दे. मुलीच्या बाबांनी आज सकाळी न सांगता कणीक मळली, एवढं सांगते.

आता एक शेवटची शंका. तिला प्रकल्पासाठी आपल्या डब्यांच्या सामानाचा निर्देशांक (भाव एकूण किती वाढले ते दाखवणारा आकडा) काढायचा आहे, लासपेअरच्या पद्धतीनं. तेल, तूरडाळ, तांदूळ, गहू, कांदा आणि गॅस. मागच्या जूनच्या पावत्या माझ्याकडे आहेत. पण तेव्हा डबे ४२ होते आणि आता ३९. मग वस्तूंचे नग कोणते धरायचे?

खडूफळा

मागच्या जूनचेच, दोन्हीकडे. लासपेअरच्या सूत्रात नग पायावर्षाचे, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्या काळाचे, असतात, बदलते ती फक्त किंमत. म्हणून चालू किंमत गुणिले जूनचे नग, त्याची बेरीज, भागिले जूनची किंमत गुणिले जूनचे नग, त्याची बेरीज, गुणिले १००. चालू महिन्याचे नग घेतले तर ते पाशेचं सूत्र होईल. वेळ असेल तर दोन्ही काढून शेजारी लिहा, फरक का आला ते तिला मांडता येईल.

देशाचा ग्राहक किंमत निर्देशांकही असाच प्रत्येक वस्तूला भार (खर्चातला वाटा) देऊन काढतात. २०१२ च्या पायावर्षाच्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार ४५.८६ टक्के होता. तुमच्या टोपलीत तो याहून बराच जास्त येईल, आणि म्हणून बातम्यांतली महागाई आणि तुमच्या ओट्यावरची महागाई जुळणार नाही. त्यावर अर्धं पान लिहायला सांगा.

कांदाचाळ

ताई, कांद्याचा भाव लिहिताना लाल की उन्हाळ ते शेजारी नक्की लिहा. जूनमध्ये तुम्ही घेतला तो उन्हाळ. डिसेंबरात लाल येईल. दोन वेगळ्या वस्तू एकाच ओळीत धरल्या तर निर्देशांक चुकेल.